हळदीचा मांडव आणि टाकीखालचा वर्ग

डी.एड. करून मी कल्याणच्या एका सरकारी शाळेत मानधनावर लागलो, तेव्हा आईने चाळभर पेढे वाटले. ते मानधन हातात पडेपर्यंत पेढ्यांची चवही लोक विसरले होते. मग मी सुट्टीच्या दिवशी हळदी-लग्नांत सूत्रसंचालन करायला लागलो.

एकदा कोपरच्या पलीकडे एका आगरी घरात हळद होती. नवऱ्या मुलाचे वडील एकेकाळी मिठागरात राबलेले, आता बिल्डिंगांचे मालक. डीजे थांबेना, पाहुणे ऐकेनात, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या आजींचा आवाज कुणापर्यंत पोचेना. मी माईकवर विनवण्या करून थकलो आणि सवयीने तोंडून निघून गेलं, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

मांडव चिडीचूप. डीजेवाल्यानेसुद्धा तोंडावर बोट ठेवलं.

यजमान माझ्याजवळ आले. "मास्तर हास का रं तू? कनचे शाळंन?"

मी शाळा सांगितली.

"अरं, मी तिथंच शिकलो, चौथीपरीन! मागचा वर्ग, टाकीखालचा. आमचे वेलंला पन टाकी गलायची."

"अजून गळते. मी त्याच वर्गावर आहे. तिसरी-चौथी एकत्र बसवतो, मधे बादली."

"मंग तुमी करता काय?"

"अर्ज करतो."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू माझंच लग्न मोडलंय.

सोमवारी शाळेच्या गेटवर मांडवाचं सामान भरलेला टेम्पो उभा. "शेटनी सांगितलंय, वर्ग झाकून द्या," मांडववाला म्हणाला. मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला हळदीपासून सगळं सांगावं लागलं. बाईंनी रागवायला तोंड उघडलं, तेवढ्यात छतावरून एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला.

"लावा," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत छताखाली ताडपत्री, तिच्याखाली गुलाबी सॅटिन, आणि सॅटिनला थर्माकोलचे बदाम, लग्नातले तसेच चिकटून राहिलेले. शिवाय गोडाऊनमध्ये जागा नाही म्हणून नवरा-नवरीचा सोनेरी सोफाही आमच्याकडेच उतरवला. पोरांनी नियम केला, जो पाढा न चुकता म्हणेल तो सोफ्यावर बसेल. पाठ्यपुस्तकाने जे जमलं नव्हतं ते सोफ्याने आठवड्यात करून दाखवलं. पोरं सतराच्या पाढ्यापर्यंत पोचली.

आणि एक दिवस न कळवता शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले, मागोमाग बाई. दारात थबकले, बदामांकडे बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अहो बाई, माझ्यासाठी एवढं कशाला केलंत?"

"साहेब, ते खरं तर—"

"राहू दे, भावना पोचल्या." आणि ते सोफ्यावर बसले.

चौथीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, सोफ्यावर बसलं तर पाढा म्हणावा लागतो. सतराचा."

साहेब हसले. मोठ्या झोकात सुरुवात केली आणि सतरा सातेपाशी अडकले. वर्ग वाट बघत राहिला. मी पुस्तकात डोकं खुपसलं. साहेबांनी उत्तर शोधायला वर बघितलं. सॅटिनला भलं मोठं पोट आलं होतं.

"हे वर काय फुगलंय?"

"तेच सांगत होते, साहेब," बाई म्हणाल्या, आणि ते पोट फुटलं.

साहेब नखशिखांत न्हाले. पोरं हसली नाहीत. मी डोळे वटारले होते. मलाच हसू आवरेना, म्हणून बाहेर पळालो. परत आलो तेव्हा बाई साहेबांना सत्काराची शाल गुंडाळत होत्या आणि संधी साधून म्हणत होत्या, "या सरांचं मानधनही बरेच दिवस तुंबलंय."

"बघतो," साहेब कुडकुडत म्हणाले.

टाकी त्याच आठवड्यात दुरुस्त झाली. मानधन मात्र मे महिना उजाडल्यावर आलं, तेही अर्धंच.

सामान न्यायला यजमान स्वतः आले. कोरड्या छताकडे बराच वेळ बघत राहिले. "आता वलकायचा कसा आमचा वर्ग?" म्हणाले, आणि जिथे पूर्वी बसायचे तिथे भिंतीला टेकून खाली बसले. खिचडीची वेळ झाली होती. पोरांनी त्यांच्यापुढेही ताटली सरकवली. त्यांनी दोनदा वाढून घेतलं.