अ‍ॅम्पकाकांची कापलेली तार

अ‍ॅम्पकाका काम करताना डावा हात पँटच्या खिशात घालून बसत. उजव्या हातात मीटरची सळई, नाकावर एकावर एक दोन चष्मे, समोर पालथा घातलेला गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, आणि डावा हात खिशात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, गृहस्थ भलतेच शिष्ट दिसतात. कारण अगदी साधं होतं. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये चारशे व्होल्ट खेळत असतात. दोन्ही हात आत असताना धक्का बसला, तर वीज एका हातातून शिरून छातीतून जाते आणि दुसऱ्या हातातून बाहेर पडते. एकच हात आत असला तर माणूस वाचायची आशा असते. काकू मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "सदतीस वर्षं नोकरी केली, कधी खिशात हात गेला नाही. निवृत्त झाले आणि साहेब झाले."

काका टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होते. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मागची गॅलरी बंदिस्त करून तिथे त्यांनी कारखाना थाटला होता. फळीवर बुद्धांची छोटी मूर्ती, तिच्याखाली व्हॉल्व्हचे डबे, आणि सगळीकडे सागाचा भुसा. तरुणपणी ते गायन पार्टीत गिटार वाजवत. भाड्याने आणलेला अ‍ॅम्प ऐन गाण्यात गुरगुरायचा, म्हणून वैतागून स्वतःच एक बनवायला बसले, ते कायमचेच बसले. आमच्या ऑफिसच्या बँडमध्ये मी गिटार वाजवते. माझा जुना अ‍ॅम्प बिघडला तेव्हा कोणीतरी त्यांचा पत्ता दिला. मी अ‍ॅम्प दारात ठेवून निघाले, तर म्हणाले, "अहो मॅडम, ठेवून जायचं असेल तर इस्त्रीवाल्याकडे जा. इथे बसायचं आणि बघायचं." बसले. पुढची सहा वर्षं दर शनिवारी बसत राहिले.

ते सगळ्यांना अहो म्हणत. मला, दूधवाल्याला, खालच्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलीलासुद्धा. एकदा मी म्हटलं, काका, मला अगं म्हणा ना, किती लहान आहे मी तुमच्यापेक्षा. त्यांनी सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. "नोकरीची पहिली दहा वर्षं मला सगळे अरे म्हणायचे. माझ्याबरोबर लागलेल्यांना अहो, मला अरे. का, ते तुम्हाला समजतंय. तेव्हाच ठरवलं, आपण कोणाला अरे म्हणायचं नाही." मग पुन्हा कांडी उचलून कामाला लागले. मी तो विषय परत काढला नाही.

अ‍ॅम्पचं खोकं ते स्वतः करत. जुन्या बाजारातून मोडक्या पलंगांचे सागवानी पाय आणि फळ्या आणायच्या, रंधा मारायचा, आणि चारही कोपऱ्यांना हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे सांधे करायचे. खिळा एक नाही. "खिळा म्हणजे आळशी माणसाचा सरस," असं त्यांचं म्हणणं. शिवाय खिळ्याचं खोकं आवाज वाढवला की खडखडतं. तयार अ‍ॅम्प ते विकत नसत, वाजवणाऱ्याला देऊन टाकत. अट एकच, की तक्रार घेऊन परत यायचं. ज्याची काहीच तक्रार नाही त्याला ऐकू येत नाही, असं त्यांचं सरळ गणित होतं. एका वेळी एकच अ‍ॅम्प टेबलावर असे. तो गेल्याशिवाय दुसरा नाही.

बिघाड शोधताना मी पाच मिनिटांत टेकीला यायचे. ते म्हणत, "दोष सापडतोच. माणूस आधी कंटाळतो, म्हणून तो लपलाय असं वाटतं." दुसरी एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून घोटून घेतली होती. बटण बंद केलं, पिन उपसली, तरी अ‍ॅम्पमधले कपॅसिटर बराच वेळ वीज धरून बसतात. ती वीज चिमटा लावलेल्या एका तारेने आधी उतरवायची आणि मगच आत हात घालायचा. दुसऱ्याने उतरवली असली तरी आपण पुन्हा उतरवायची. "माझ्या शब्दावरसुद्धा जाऊ नका," ते म्हणत, "माझा शब्द काही वीज अडवत नाही."

पहिली शंका मला लाकडावरून आली. कोपऱ्याच्या सांध्यात एका फळीला जिथे बोट, तिथे दुसरीला खाच लागते. काकांनी दोन्ही फळ्या एकसारख्याच कापल्या. बोटापुढे बोट, खाचेपुढे खाच. दोघंही पोट धरून हसलो. पुढच्या महिन्यात तेच झालं. तिसऱ्या वेळी फळ्या टेबलाखाली दडवलेल्या मला दिसल्या, आणि त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मग तो शनिवार आला. काका म्हणाले, "उतरवलाय मी, ती हिरवी तार जरा वर धरा." माझा हात आत निघालाच होता. पण सवय वाईट! मी आधी चिमटा लावला. फट् असा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि चिमट्याचं टोक काळं पडलं. काका त्या टोकाकडे बघत राहिले. "उतरवला होता मी," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "होता ना?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांचा डावा हात टेबलावर होता.

काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, रडणाऱ्यातल्या नव्हेत. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात सांगितली होती, ते त्या आठ महिने एकट्याच उरात घेऊन फिरत होत्या. "डॉक्टर म्हणतात, हाताला काम राहू दे. आणि काम तर हे असं! वर्षा, मी अंघोळीला गेले तरी कान गॅलरीकडे असतात. बंद करा म्हटलं तर हा माणूस दोन महिन्यांत अंथरूण धरेल. तूच काहीतरी कर, तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं कळत होतं, तीच पंचाईत झाली. पुढच्या शनिवारी काका शेजाऱ्यांबरोबर फिरायला गेले तेव्हा मी त्यांच्याच पकडीने एक तार कापली. अ‍ॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर दोन तऱ्हेची वीज देतो. थोड्या व्होल्टची, तिने व्हॉल्व्ह लालसर पेटतात. आणि चारशेच्या घरातली, तिने आवाजही येतो आणि जीवही जातो. ही दुसरी तार मी मुळाशी कापली आणि तिच्यावरची कापडी नळी पुन्हा जागेवर सरकवली. बाहेरून काही कळणार नाही. दिवा लागेल, व्हॉल्व्ह पेटतील, आवाज मात्र येणार नाही, आणि काका सुखाने दोष शोधत बसतील. जादा ट्रान्सफॉर्मर होते ते माझ्या कात्रजच्या एका मित्राला हवेत असं सांगून मी घरी आणले. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होते. निदान सहा महिन्यांची निश्चिंती, असं काकूंना सांगून आले.

काकांना तो दोष दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत सापडला.

त्यांनी फोन करून बोलावलं आणि गॅलरीचं दार लोटून घेतलं. "तुटलेल्या तारेचं टोक ओढल्यासारखं असतं. हे बघा, किती साफ आहे. ही कापलेली आहे." मी मान खाली घातली. ते शांत होते. "हिच्या सांगण्यावरून?" मी होय म्हटलं. बराच वेळ ते चष्मा पुसत बसले. "काल रात्री ही गाढ झोपली होती. कित्येक महिन्यांनी. मला कळलंय हे तिला सांगू नका. मी शोधत असल्यासारखं करीन." आणि नळी त्यांनीच जागेवर सरकवली.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. दोन-तीन आठवड्यांत ते सगळं विसरले आणि पुन्हा खरंच दोष शोधू लागले. हाताला सगळं आठवत होतं. तासाभरात पुन्हा कापलेल्या टोकावर येऊन पोचले. या वेळी ते उभे राहिले. तोंड लाल झालं होतं.

"कोणी केलं हे? तू?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू.

"अगं, मी शिकवलं तुला! माझ्याच पकडीने माझी तार कापलीस? मला वेड लागलंय का? लागत असेल, तर ते मला सांगायचं! विचारलं असतंस, तर मीच कापून दिली असती."

त्यांनी सोल्डरिंगची कांडी गरम करायला घेतली. पिन भिंतीवर दोन-तीनदा आपटली, भोकात जाईना. बाहेरून काकूंनी विचारलं, "काय हो, काय झालं?" काका तसेच थांबले. मग म्हणाले, "काही नाही. दोष सापडत नाहीये." पिन खाली ठेवली, नळी सरकवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मी जिना उतरले तेव्हा मला पायऱ्या दिसत नव्हत्या.

त्यानंतर हे किती वेळा झालं, मी मोजायचं सोडून दिलं. दर दोन-तीन आठवड्यांनी काकांना ती तार नव्याने सापडायची आणि दर वेळी माझा निवाडा नव्याने व्हायचा. एकदा ते खो खो हसले आणि म्हणाले, "शाब्बास, चोर शिकून तयार झाला." एकदा नुसते डोळे भरून आले. एकदा म्हणाले, आता येत जाऊ नका. पुढच्या शनिवारी मी गेले नाही, तर फोन आला, "मॅडम, आज सुट्टी का?" काय म्हणाले होते ते त्यांना आठवत नव्हतं. मला आठवत होतं. शिक्षा झालेली फक्त माझ्याच लक्षात राहायची, आणि माफीसुद्धा. मी कितीदा ठरवलं, की आज दोष सापडायच्या आधीच आपण सांगायचं, विचारायचं. पण काका नळी सरकवायच्या आत काहीतरी आवडीने बोलायला लागायचे, आणि मी म्हणायचे, राहू दे, पुढच्या शनिवारी. आणि खोटं कशाला सांगू, त्यांना तार सापडली की भीतीबरोबर मला बरंही वाटायचं. अजून सापडतेय, म्हणजे काका अजून आहेत.

काका गेल्या फेब्रुवारीत गेले. न्यूमोनियाने गेले, विजेने नव्हे. दहाव्या-तेराव्याचा खटाटोप त्यांच्या घरात नव्हता. भंतेजी आले, वंदना झाली, त्यांच्या अ‍ॅम्पवर वाजवणारी वीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती. काकूंनी सगळ्यांसमोर माझा हात धरला आणि म्हणाल्या, "हिने त्यांना दीड वर्ष जास्त दिलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

कारण जानेवारीतला शेवटचा शनिवार मी कोणाला सांगितला नव्हता. काकू दळण आणायला गेल्या होत्या. काका सकाळपासून अ‍ॅम्पसमोर होते. मीटरची सळई इकडे तिकडे टेकवत, आकडे वाचत होते, पण आकड्यांवरून कुठे जायचं ते कळत नव्हतं. सळई दोनदा त्या नळीजवळ आली आणि पुढे गेली. मी मनात घोकत होते, सापडू दे, मला हवं ते बोलू देत, पण सापडू दे. शेवटी त्यांनी सळई ठेवली. "नाही हो सापडत," ते म्हणाले, आणि परीक्षेत पेपर कोरा ठेवलेल्या मुलासारखे माझ्याकडे बघू लागले.

मला राहवलं नाही. मी त्यांचं बोट धरलं, नळीवर नेलं आणि नळी मागे सरकवली. त्यांनी वाकून टोक पाहिलं.

"कापलीये," ते म्हणाले.

"हो. मी कापली."

"का हो?"

"ज्यांचा हा अ‍ॅम्प आहे ना काका, ते विसरायला लागले होते. आत हात घालून बसायचे. मला भीती वाटली."

त्यांनी नीट विचार केला. अगदी पूर्वी करायचे तसा, ओठ आत ओढून.

"मग बरोबर आहे. पण त्यांना विचारलंत ना आधी?"

"हो," मी म्हणाले.

"मग काही हरकत नाही," काका म्हणाले, आणि नळी तारेवर हलकेच सरकवून ठेवली.