गोठ्याची शेवटची खोली

रत्नागिरीला आमच्या घरामागे जांभ्या दगडाचा लांबलचक गोठा होता. पणजोबांनी बांधलेला, भिंती इतक्या जाड की भर दुपारीही आत कंदील लागे. कूळकायद्यात जमिनी गेल्या, मागोमाग बैल गेले, म्हशी गेल्या. उरला नुसता गोठा, आणि त्याच्या शेवटच्या खणात राहणारा आमचा म्हातारा गडी नि त्याची बायको. गोठ्याच्या खोल्या करून कचेरीतल्या लोकांना भाड्याने द्यायच्या, ही कल्पना माझी. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे घरात शब्दही माझाच चाले.

खिडक्यांसाठी भिंत फोडताना म्हातारा आपणहून पहार घेऊन उभा राहिला. ‘‘म्हशीनं जल्मभर काळोख खाल्लान, आता सायबांना वारा पायजे!’’ म्हणून हसायचा. त्याला मी सांगून ठेवलं होतं, ‘‘शेवटची खोली तुझी. तुला कुणी हलवणार नाही.’’

मग देशावरून बदलून आलेला एक कारकून खोल्या बघायला आला. बायकोचे दिवस भरत आलेले, विहीर जवळ म्हणून त्याला शेवटचीच खोली हवी होती. आमच्या उरल्यासुरल्या जमिनीचं काम त्याच्याच टेबलावर अडलेलं. मी हो म्हटलं. म्हाताऱ्याला उद्या सांगू, असं ठरवलं. आणि उद्या तर गाऱ्हाणं होतं.

आमच्याकडे नव्या जागेत राहायला जाण्याआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, जमलेल्यांनी हुंकार भरायचा. हुंकार भरला की ते मागणं साऱ्यांचं. मान म्हाताऱ्याचा होता.

‘‘बा देवा म्हाराजा! ह्या गोठ्याचा आज घर झालाय, म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘हितं जी लेकराबाळांची मानसां ऱ्हायला येतील, त्यांना इच्चूकाट्यापासनं राख, म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘आनि शेवटच्या खोलीत आमी दोन म्हातारी पडून ऱ्हाऊ, तितनंच आमाला ने, म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

मीही म्हणालो. पुटपुटलो असतो तरी चाललं असतं, पण चांगलं मोठ्याने म्हणालो.

प्रसाद वाटून होतो न होतो, तोच कारकुनाची बैलगाडी आली आणि गाडीवानाने ट्रंका शेवटच्या खोलीत नेऊन ठेवल्या. म्हातारी आपली चूल मांडायला गेली होती, ती तशीच बाहेर आली. ‘‘भाऊ, ह्ये कोनाचा सामान?’’

मी जमिनीकडे बघत सांगितलं. तिने कपाळावर हात मारला नाही की काही नाही. एवढंच म्हणाली, ‘‘आताच देवाम्होरं व्हय म्हनालात ना?’’

‘‘गप ऱ्हा गो,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘चार मानसां म्हनाली, त्यांच्या वांगडा त्येबी म्हनाले. खोताच्या पोराला काय गाऱ्हान्याचा अर्थ कळतो?’’

माझी बाजू घेणारं तेवढं एकच वाक्य मला मिळालं, आणि तेही खोटं होतं. मला कळत होतं.

राजापूरकडे त्यांची लेक होती. एसटीच्या टपावर बोचकं चढवायला मी हात लावायला गेलो, तर म्हाताऱ्याने ते आपल्याकडे ओढून घेतलं. पुढे तिथे त्यांचं काय झालं, ते मी कधी विचारलं नाही. माहीत असणारी माणसं बाजारात रोज भेटत.

वर्षाने जागेच्या देवाला नारळ द्यायची वेळ आली. वाडीतला कुणी गाऱ्हाणं घालायला तयार होईना. कुणाची पाठ धरली होती, कुणाचा घसा बसला होता. शेवटी मीच उभा राहिलो. पहिलं मागणं मागून थांबलो. सगळी वाडी हात जोडून उभी होती. कुणीही हुंकार भरला नाही.

‘‘होय महाराज,’’ कारकून एकटाच म्हणाला. त्याला वाटलं, लोक विसरले.

मी पुढचं मागणं मागितलं नाही. तेव्हासुद्धा राजापूरला जाऊन त्यांना आणता आलं असतं. कारकुनाला मधली खोली देता आली असती, ती रिकामीच होती. मी नारळ फोडला आणि तुकडे वाटले. ते मात्र सगळ्यांनी घेतले.