मेलेल्याचं पान

"मेलेल्या माणसावर काहून रागावता, साहेब?"

अकोल्याच्या आमच्या मिशन शाळेत हेडमास्तर चिडले की मराठीचे मास्तर हात जोडून एवढंच म्हणत. हेडमास्तरांना हसू आवरत नसे आणि प्रकरण तिथेच मिटे. तुम्ही मास्तरांना पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असतात. पन्नास सालच्या पुढची ही गोष्ट. मी गणिताला नवा होतो आणि पहिले काही महिने मला तो विनोदच वाटला.

मास्तर अमरावतीच्या एका भिक्षुकाच्या घरातले. कॉलेजात असताना विषमज्वरानं मिशनच्या दवाखान्यात पडून होते. एका पहाटे खाटेच्या पायथ्याशी कुणीतरी येऊन बसलं. त्याच्या तळहातांवर जखमा होत्या आणि त्यानं मास्तरांना नावानं हाक मारली.

"स्वप्न असेल," मी एकदा म्हटलं.

"स्वप्न असतं, तर बरा होऊन घरी नसतो गेलो?" ते म्हणाले.

बाप्तिस्मा झाल्याचं कळलं त्या दिवशी वडिलांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली. या घरात त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, असं आईकडून वचनही घेतलं. आईनं वचन दिलं, पण पितृपंधरवडा येताच तिनं नवऱ्याला शब्दात पकडलं. "तुमच्या लेखी पोरगा मेला ना? मंग सर्वपित्रीले त्याचंही पान ठेवा लागते." शास्त्र जाणणाऱ्या माणसाला ते मानावंच लागलं. तेव्हापासून अमावास्येला त्यांच्या परसदारच्या भिंतीवर कावळ्यांसाठी दोन पानं ठेवली जाऊ लागली. एक पितरांचं आणि एक मास्तरांचं.

हे दुसरं पान खायला मास्तर स्वतः जात.

माझंही घर अमरावतीलाच, म्हणून त्या दिवशी एसटीत आम्ही बरोबर असू. मागच्या बोळात उभे राहून ते आधी कावळे हाकलत, मग डोळे मिटून प्रार्थना करत आणि वडे, कढीभात, खीर पान पुसून खात. खिरीवर भांड्याच्या बुडाची खरवड असे. लहानपणी तिच्यासाठी ते भावंडांशी भांडायचे म्हणे. "कावळ्याले कोणी खरवड वाढते का?" ते मला विचारत. दाराआड बांगड्या वाजत. शेवटचा घास संपला की त्या थांबत. पहिल्या वर्षी मला गंमत वाटली होती. नंतर मी बोळाच्या तोंडाशीच थांबू लागलो.

पुढे ही गोष्ट चर्चच्या पंचांच्या कानावर गेली. श्राद्धाचं अन्न खाणाऱ्याला प्रभुभोजनाची भाकर मिळणार नाही, असं ठरलं. ज्या भाकरीसाठी घर सोडलं, तीच बंद झाली. मास्तर सहा महिने मागच्या बाकावर बसून होते. शेवटी त्यांनी कबूल केलं, यापुढे जाणार नाही.

"आई समजून घेईल," ते मला म्हणाले.

मला पंचांचा राग आला होता, मास्तरांचाही आला होता. तरी मी गप्प बसलो, त्याची रुखरुख अजून जात नाही.

दोन अमावास्या तशाच गेल्या. तिसऱ्या वर्षी मास्तर सकाळीच माझ्या दारात उभे. "चाला. न्हाई राहवत आता."

भिंतीवर दोन पानं होती. मास्तरांचा चेहरा खुलला. ते पुढे झाले आणि त्यांचा हात मध्येच थांबला. खिरीवर खरवड नव्हती. दाराआड बांगड्याही वाजत नव्हत्या.

बऱ्याच वेळानं वडील बाहेर आले. कमरेत वाकले होते. मुलाकडे न बघता, भिंतीकडे बघत म्हणाले, "दीड वर्ष झालं तिले जाऊन. हे पान तिचं आहे. सकाळपासून कावळा शिवून नाही राह्यला."

तिचं काय राहून गेलं होतं, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मास्तरांनी त्या पानावरचा एक घास उचलून तोंडात घातला. तो गिळेपर्यंत म्हातारा बघत राहिला. मग त्यानं पान उचललं, आत गेला आणि कडी लावली.

दुसऱ्या दिवशी, दोघांनीही न विचारता रजा घेतली म्हणून हेडमास्तर भडकले. मी वाट पाहत होतो. मला वाटतं, हेडमास्तरही पाहत होते. मास्तरांनी हात जोडले. ओठ हलले, पण ते वाक्य काही आलं नाही.