फार उशिरा आणलंत

माझ्या अपघात विभागात एक वाक्य उच्चारायला बंदी होती. नवा डॉक्टर रुजू झाला की पहिल्याच दिवशी मी त्याला सांगायची, की पेशंटच्या माणसांना 'फार उशिरा आणलंत' असं म्हणायचं नाही. म्हणालास, तर जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यातल्या ट्रॉलीवर झोपायचं आणि सुट्टी संपेपर्यंत उठायचं नाही. पोरांना वाटायचं बाई गंमत करतात. दोघातिघांना मी खरोखर झोपवलं, तेव्हा 'खाष्ट बाई' म्हणून जळगावभर माझं नाव झालं. होऊ दे. खाष्टपणाचा मला कधी त्रास झालेला नाही, उलट उपयोगच झाला. हे वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलं आणि ते त्याच्या पदरात परत कसं टाकलं, ते आज सांगते.

आमचं गाव साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडे. मी आठवीत होते. माझे वडील, नाना, शेळ्यांना पाला तोडायला निंबावर चढले आणि फांदी मोडून दगडी बांधावर पोटावर पडले. रक्ताचा थेंब कुठे नाही. उठून बसले, फक्त डाव्या कुशीत दुखतंय म्हणाले. काका फाट्यावर जीप बघायला पळाले. माय निंदणीवरून आली होती, गुडघ्यापर्यंत चिखल आणि लुगडं मागून फाटलेलं. जीप यायची होती, तेवढ्यात तिनं आत जाऊन पाय धुतले आणि पेटीतलं हिरवं लुगडं नेसलं. आमच्याकडची बाई फाटक्या लुगड्यानं धुळ्याला जात नाही. दवाखान्यात तर नाहीच, कारण फाटकं नेसलेल्या बाईला तिथे कुणी उभं करत नाही, असा सगळ्यांचा अनुभव. ती नेसून ओट्यावर आली तेव्हाही जीप आलेली नव्हती. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

धुळ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार होती. नानांना व्हरांड्यातल्या बाकावर निजवलं. वॉर्डबॉय म्हणाला, आधी केसपेपर काढा. केसपेपर हातात असल्याशिवाय पेशंटला कुणी हात लावायचा नाही अशी तिथली रीत, आणि केसपेपरची खिडकी जेवणासाठी बंद. डॉक्टर कुठे आहेत, विचारलं. तेही जेवायला गेलेले. नाना बोलत होते. म्हशीला पाणी दाखवायला कुणाला सांगून आलीस, असं त्यांनी मायला दोनदा विचारलं. मग त्यांचं बोलणं तुटक झालं, कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. माय खिडकीकडे जाई, बंद बघून परत येई. शेवटी डॉक्टर दात कोरत आले. पापणी वर करून बघितली, मनगट धरून सोडून दिलं आणि मायच्या कोऱ्या लुगड्यावरून नजर फिरवत म्हणाले, "फार उशिरा आणलंत, बाई."

एवढं बोलून ते पुढे गेले. नाना गेले होते.

दहाव्याच्या आधीच थोरल्या काकूनं त्या वाक्याला लुगडं जोडलं. डॉक्टर खोटं कशाला सांगेल, उशीर झालाच असणार, ही नेसत बसली होती ना. आमच्या आळीत ही गोष्ट वाऱ्यासारखी फिरली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, पण इथे संन्याशालाही वाटायला लागलं की चोर आपणच. माझ्या मायनं काकूचं म्हणणं खरं मानलं. हिरवं लुगडं घडी करून पेटीच्या तळाशी घातलं. कुणाला दिलं नाही, पुन्हा नेसलीही नाही. पुढे कुठे जायचं असलं की ती अंगावर असेल त्याच लुगड्यानं निघायची. मी डॉक्टर झाले त्या समारंभालासुद्धा ती शेतातल्या लुगड्यानं आली. मी चिडले, तर म्हणाली, तयार व्हायला वेळ लावायची तिला भीती वाटते.

शिकत असताना पोटातल्या रक्तस्रावाचा धडा आला. प्लीहा फुटली तरी माणूस सुरुवातीला बोलत असतो, बसतो, पाणी मागतो, आणि मग एकदम ढासळतो. बोलत असतानाच ओळखायचं, सलाइन लावायचं, रक्त मागवायचं, पोट उघडायचं. बहुतेकदा तो वाचतो. सर फळ्यावर हे लिहीत होते आणि मला बाकावरचे नाना दिसत होते, म्हशीची चौकशी करणारे. नाना वेळेवर पोचले होते, हे मला त्या वर्गात कळलं. सुट्टीत घरी जाऊन मी मायला सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि आपल्या बोलीत म्हणाली, "मोठा डाक्टरनी सांगं व्हतं. तो खोटं कसाले बोली?"

पोटची पोर डॉक्टर होत होती, तरी तिला मोठा डॉक्टर तोच. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, की हे ओझं ज्यानं तिच्या डोक्यावर ठेवलं, त्याच्यासमोरच ते उतरवायचं, आणि चारचौघांत.

बरीच वर्षं गेली. नव्वद सालानंतर मी जळगावच्या एका खाजगी दवाखान्यात लागले, मेहरूणकडे खोली घेतली. पहिल्याच सकाळी अपघात विभागात शिरते, तर पडद्याआडून आवाज आला. केळीचा ट्रक उलटून चेंगरलेल्या मजुराच्या भावाला कुणीतरी सांगत होतं, "फार उशिरा आणलंत." मी पडदा सारला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण माणूस तोच. धुळं सोडून तो आता इथे विभागप्रमुख होता, सगळ्यांचे 'मोठे डॉक्टर', म्हणजे माझा साहेब. त्यानं मला ओळखलं नाही, ओळखण्याचं कारणही नव्हतं. मी हसून नमस्कार केला. दात-ओठ खात नमस्कार करता येतो, हे मला त्या दिवशी समजलं.

त्या काळी अपघात विभाग म्हणजे शिक्षेची नेमणूक. तिथे काय शिकायचं असतं, असं भलेभले विचारत. मी मात्र तिथेच बसकण मारली. माझी ड्यूटी संपली की फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायची आणि दोनच गोष्टी टिपायची : पेशंट फाटकातून आत कधी आला आणि डॉक्टरचा हात त्याला पहिल्यांदा कधी लागला. गावाहून यायला लागलेला वेळ वेगळा विचारून घ्यायची. रावेरकडचे, चोपड्याकडचे, सातपुड्याच्या पायथ्याचे लोक बैलगाडी, दुधाची गाडी, एसटी, मिळेल त्यानं येत होते, आणि जमेल तितक्या लवकर येत होते. उशीर फाटकाच्या आत होत होता. शहरातल्या डॉक्टरांच्या सभेत मी हे वाचून दाखवलं. मोठे डॉक्टर उठले आणि म्हणाले, ही तक्रार आहे, संशोधन नाही. नाकानं कांदे सोलणारे चारजण हसले. मीही हसले, कारण मला पुढचं दिसत होतं.

मुंबईला काही दिवसांच्या प्रशिक्षणात मी एक पद्धत बघून आले होते. खरा माणूस खोटा पेशंट होऊन येतो आणि विभाग त्याला कसा सांभाळतो हे बाकीचे बघतात. आधी एकदा रोजच्यासारखं करू द्यायचं, मग शिकवायचं, मग पुन्हा करून घ्यायचं, म्हणजे फरक दिसतो. हे आपल्याकडे करू, असं मी विश्वस्तांना पटवलं. आणि पेशंट कोण? मी म्हटलं, गंभीर पेशंटचं सोंग वठवायला अनुभवी माणूस हवा, मोठ्या डॉक्टरांशिवाय हे कोण करणार. ते दर वर्षी गॅदरिंगच्या नाटकात काम करायचे. हरभऱ्याच्या झाडावर चढायला त्यांना फार वेळ लागला नाही. अट एकच, पेशंटनं उठायचं नाही आणि हुकूम सोडायचा नाही. बाकी मी काहीच रचलं नाही. विभागातल्या ज्युनिअर मुलांना एवढंच सांगितलं, रोज करता तसंच करा.

पेशंटजवळ बसायला घरचं माणूस हवं होतं. मी गावी जाऊन मायला घेऊन आले. कोणाजवळ बसायचं आहे, तेही सांगितलं. एसटीत ती मांडीवर एक गाठोडं धरून बसली. सकाळी मी आवरून बाहेर आले तर ती तयार होऊन बसलेली, आणि अंगावर ते हिरवं लुगडं. घड्यांच्या रेषा पिवळ्या पडल्या होत्या. 

एप्रिल होता, जळगावचा. दुपारी, ऐन जेवणाच्या सुट्टीत, विश्वस्त, शहरातले डॉक्टर, सगळे व्हरांड्याच्या टोकाला खुर्च्यांवर बसले. दोन वॉर्डबॉयनी मोठ्या डॉक्टरांना हातापायांना धरून जीपमधून उतरवलं, तेव्हा त्यांचा चष्मा नाकावरून घसरला आणि लोंबकळत राहिला. ट्रॉलीचं एक चाक अडायचं, ते अडलं. व्हरांड्यातला पंखा बंद होता, तो नेहमीच बंद असायचा. वॉर्डबॉयनं मायला केसपेपर काढायला पाठवलं. ती खिडकीपर्यंत गेली, बंद बघून परत आली आणि ट्रॉलीशेजारी बसली. सगळं विभागाच्या रिवाजाप्रमाणे चाललं होतं. मोठे डॉक्टर सुरुवातीला छान कण्हत होते. मग कण्हणं थांबलं, पांढऱ्या सफारीच्या पाठीला घाम आला आणि ते मान वळवून वळवून बघायला लागले. मला तो घाम बघून सुख झालं. ते मी लपवणार नाही.

बऱ्याच वेळानं एक ज्युनिअर आला. पेशंटच्या तोंडाकडे न बघता त्यानं मनगट धरलं, सोडलं आणि सवयीनं मायला म्हणाला, "फार उशिरा आणलंत, मावशी." आणि पुढे गेला. चाल, मान, आवाज, सगळं त्यानं गुरूकडूनच उचललेलं होतं. खुर्च्यांवर कुणी हसलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "बाई, सगळे डॉक्टर गेले कुठे?"

"जेवाले जायेल शेतस," माय म्हणाली.

ते आमच्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले, की या बाई कुठून आणल्या, काम फार छान करतात. नटाला नट भेटल्याचा आनंद होता तो. माय उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हाई नाटक नही शे, साहेब," ती म्हणाली. "मन्हा मालकले मी असंच धुयाले तुमनापुढे आनं व्हतं. हाईच लुगडं व्हतं. तुमनं जेवन व्हवालोंग ते जित्ता व्हतात. उशीर मी नही करा. उशीर तुमीन करा."

ती ओरडली नाही. धुळ्याला तुमचं जेवण होईपर्यंत माझा माणूस जिवंत होता, हे तिनं बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं.  मोठे डॉक्टर ट्रॉलीवर उठून बसले, चष्मा लावला, तिच्याकडे पाहिलं. त्यांना आठवत नव्हतं, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आमचं घर ज्या दिवसानं बसलं, तो दिवस त्यांना आठवतसुद्धा नव्हता. मला वाटलं होतं, ते ओशाळतील. ते खरंच आठवायचा प्रयत्न करत होते, आणि त्याचा मला जास्त राग आला.

संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. ते खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "हे तू आधी सांगितलं असतंस, तर मी स्वतः त्यांची माफी मागितली असती."

"म्हणूनच सांगितलं नाही, सर," मी म्हटलं.

माफी मागितली की माणूस सुटतो. वर त्याचा मोठेपणाही होतो. मला त्यांना सोडायचं नव्हतं, आणि मोठं तर मुळीच करायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात विश्वस्तांनी नियम बदलला : आधी पेशंटला हात, केसपेपर मागाहून. जेवणाच्या वेळीही विभागात एक डॉक्टर राहील, असं ठरलं. मी मुलांना शिकवलं, बोलत्या माणसाचं पोट कसं तपासायचं, ओठांचा रंग कुठल्या उजेडात बघायचा. दुसरी फेरी झाली तेव्हा पेशंट म्हणून मी झोपले, कारण मोठे डॉक्टर रजेवर होते. ती रजा लांबत गेली आणि ते परत आलेच नाहीत. दवाखान्याची लाज काढली म्हणून काहींनी मला पाण्यात पाहिलं. मी विभाग हातात घेतला आणि ते वाक्य बंद केलं.

त्या दुपारनंतर दुसऱ्याच दिवशी मायला पोचवायला मी गावी गेले होते. ती घरी न जाता आधी थोरल्या काकूच्या ओट्यावर जाऊन बसली, हिरव्या लुगड्यातच. काकूनं विचारलं, कोणाकडे लग्न होतं.

"जळगावले गयथू," माय म्हणाली. "त्या डाक्टरले सांगी उनू, उशीर त्यानीच करा."

काकू पाणी आणते म्हणून आत गेली ती लवकर बाहेर आली नाही. माय तिथेच पाय पसरून बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून ते लुगडं तिनं निंदणीला नेसायला काढलं आणि फाटेपर्यंत नेसलं.