रिकाम्या नळ्या

परवापर्यंत हे मी कोणाजवळ बोलले नव्हते. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. आज तुमच्याजवळ बोलते आहे — याचं माझं मलाच नवल वाटतंय.

कुठून सुरू करू? अळीपासून करते, ते सोपं आहे. हरभऱ्यावरची घाटेअळी तुम्ही पाहिली असेल. तिला एका विषाणूचा रोग होतो. मग ती झाडाच्या शेंड्यावर चढते, उलटी लटकते आणि तशीच मरते. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मी आणि प्रतिभा याच विषाणूवर पीएच.डी. करत होतो. प्रतिभा नागपूरजवळच्या कुही गावची. माझ्या डब्यातलं खायची, माझ्याच स्कूटीवर होस्टेलला जायची. माझी मैत्रीण — हा शब्द मी जरा जपूनच वापरते.

हा विषाणू काडीसारखा असतो. बाहेर प्रथिनांचं कवच, आत डीएनए. तो डीएनए काडीपेक्षा शंभर पटींहून लांब, तरी गुंडाळून, दाबून आत बसवलेला. प्रश्न एवढाच — आधी काय होतं? डीएनए गुंडाळला जातो आणि त्यावर कवच चढतं, की कवच आधी तयार होतं आणि डीएनए मागून आत शिरतो? आमच्या सरांचं मत पहिलं होतं. माझा सगळा प्रबंध त्याच मतावर उभा होता.

प्रतिभाने आजारी अळीच्या पेशींचे पातळ काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. भरलेल्या काळ्या काड्यांच्या शेजारी तिला फिक्या, पोकळ नळ्या दिसल्या. जेवताना तिने मला सांगितलं, “पाह्य न, कवच आधी बनून राहिलं. अंदर काहीच नाही. डीएनए मागून जाते.” घास तिच्या हातातच राहिला होता.

मी काय म्हणाले? काहीच नाही. कारण तशाच नळ्या मला तिच्या आधी दिसल्या होत्या. मी ते फोटो पुसून टाकले होते. काप बिघडला असेल, अशी स्वतःची समजूत घातली होती. खरंच पटलं होतं का मला ते? नाही.

मग एका बैठकीत तिने सगळ्यांसमोर तिचे फोटो दाखवले. सर म्हणाले, काप नीट झालेला नाही. प्रतिभा ऐकेना. तेव्हा सर माझ्याकडे वळले — विषाणू तोच, मायक्रोस्कोप तोच. “तुला दिसलं का कधी असं काही?”



मी म्हणाले, “नाही सर.”

भीती होती, हो. पण भीतीच्या मागे लपू कशाला? प्रतिभाचा चेहरा उतरला तेव्हा, क्षणभर का होईना, मला बरं वाटलं होतं. ती माझ्यापेक्षा हुशार होती.

तिने पुन्हा काप केले. पुन्हा नळ्या. पुन्हा तेच उत्तर, की तुझा हात बसलेला नाही. शेवटी तीच म्हणायला लागली, “माह्या हातातच खोट हाये.” तिने पीएच.डी. सोडली. तिचं सामान बांधायला मीच गेले होते. ती कन्हानच्या एका कॉलेजात शिकवायला लागली; मला डिग्री मिळाली. पुढे दुसरीकडच्या लोकांनी दाखवून दिलं — कवच आधी, डीएनए नंतर. आता मी दरवर्षी वर्गात तेच शिकवते.

रविवारी कन्हानला गेले. प्रतिभा मिरच्यांचे देठ काढत बसली होती. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. बसले असते तर सांगू शकले नसते.

“तुलेही दिसल्या होत्या?”

“हो.”

“पुऱ्या रिकाम्या?”

“पूर्ण. काही तर लांबच लांब.”

तिने हातातल्या मिरचीचा देठ खुडला. मग म्हणाली, “ते बरोबर निघालं, हे वाचलं होतं मी. पण वाटलं, आपलं चुकून जुळलं. आपला काप खराबच होता. तेव्हापासून मायक्रोस्कोपले हात नाही लावला. प्रॅक्टिकल दुसऱ्या मॅडमले देऊन टाकते.”

एवढ्या वर्षांत हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तिची डिग्री गेली, एवढंच मी धरून बसले होते. तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासच मी नेला होता.

“मंग नाही काहून म्हटलं वं?”

मी सांगितलं. भीतीचं सांगितलं, आणि ते बरं वाटल्याचंही.

ती मागच्या अंगणात गेली, हात धुऊन परत आली. “तू जाय आता. मले एकटीले बसू दे.” मी चप्पल घालत होते तेव्हा मागून तिचा आवाज आला, “लांबवाल्या मलेही दिसल्या होत्या. ते सांगायची हिंमतच नाही झाली मंग.” आणि ती हसली. माझ्याकडे पाहून नाही — त्या नळ्या आठवून.

परतीच्या बसमध्ये मी रडले. खूप दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटत होतं. असं वाटायचा मला हक्क आहे का? माहीत नाही. पण वाटलं, ते लपवत नाही.

काल वर्गात तोच धडा होता. मी म्हणाले, आमच्या प्रयोगशाळेत या नळ्या मीही पाहिल्या होत्या, पण ओळखल्या प्रतिभाने.

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, मग त्यांचं नाव कुठंच काहून नाही?”

“माझ्यामुळे,” मी म्हणाले, आणि खडू खाली ठेवून पहिल्यापासून सांगायला लागले.