सेल्मरची न झाडलेली बंदूक

...आणि क्लाइड प्रुइटनं खिशातून भिंग काढलं. काल इथवरच आलो होतो, तेवढ्यात जेवायची हाक आली. तर ते भिंग. हा क्लाइड जुन्या मोठ्या रिव्हॉल्व्हर जमवणारा माणूस. दर वर्षी मिसूलाहून आमच्या बिटर फोर्क गावच्या बंदुकांच्या जत्रेला येतो. मी आणि ऑरिन हॉगलंड टेबलामागं बसलो होतो. ऑरिननं आयुष्यभर काउंटीच्या रस्त्यांवर खडी-माती सपाट करायचं ग्रेडर यंत्र चालवलेलं; रस्ता सरळ आणि माणूसही सरळ. समोर लाकडी पेटी उघडी, आत निळी मखमल, तिच्यावर साडेसहा इंच नळीची चव्वेचाळीस मॅग्नम रिव्हॉल्व्हर. शेजारी पाटी: विकाऊ नाही.

क्लाइडनं आधी विचारलं, मग गोळ्यांचं चाक फिरू नये म्हणून बांधलेला दोरा सोडला, पांढरे हातमोजे चढवले. अशी रिव्हॉल्व्हर कुणी विचारल्याशिवाय उचलत नाही, आणि गोळ्यांचं चाक मनगटाच्या झटक्यानं बंद करणाऱ्याला तर आमच्याकडं कुणी कॉफीसुद्धा विचारत नाही.

“ही कधीच झाडली नाही म्हणतोस?” क्लाइडनं विचारलं.

“कारखान्यातून आली तेव्हापासून नाही,” ऑरिन म्हणाला.

“ऑरिन, चाकाच्या तोंडाशी काजळी बसलीय. फिरून फिरून वर गोल रेघ उमटलीय. हिनं एल्क हरणांचा अख्खा कळप पाडलेला दिसतोय.”

ऑरिन लाल झाला. “चष्मा पूस, क्लाइड.”

“भिंगालाही चष्मा लावू का?”

आता ही बंदूक कुणाची, ते सांगितलं पाहिजे. ऑरिन आणि त्याचा थोरला भाऊ सेल्मर, दोघांनी एकाच दुपारी, एकाच दुकानातून अगदी सारख्या दोन घेतल्या. ऑरिननं आपली त्याच संध्याकाळी खडीच्या खाणीत नेली. ती जड वस्तू मुठीत बसली, चाप लोण्यासारखा मागं आला, आणि मग तो दणका! कोपरापर्यंत मुंग्या, कानात घंटा, आणि तोंडावर असं हसू की दात मोजून घ्यावेत. कुणी म्हणेल, एवढं मोठं धूड कशाला? डोंगरात अस्वल आहे म्हणून, हे आम्ही बायकांना सांगतो. खरं कारण ते हसू.

सेल्मरनं मात्र आपली कधी झाडलीच नाही. रविवारी पेटी उघडायचा, खिडकीच्या उजेडात ती निळीकाळी झळाळी बघायचा, पुसायचा, परत ठेवायचा. ऑरिन म्हणायचा, “दादा, हे म्हणजे पाय घरात विसरून नाचायला जाणं झालं!” सेल्मर पेटीचं झाकण लावायचा. मग लाकूडतोडीत त्याच्या अंगावर झाड आलं आणि तो गेला. त्याच्या बायकोनं, लव्हॉननं, पेटी ऑरिनच्या हाती दिली. “सांभाळ,” म्हणाली, “पण त्यानं नाही झाडली, तर कुणीच झाडायची नाही.” ऑरिननं शब्द दिला. आणि आता लव्हॉन बिलिंग्जला मुलीकडं राहायला निघाली होती. जत्रेच्याच दुपारी पेटी न्यायला ऑरिनच्या घरी येणार होती.

म्हणजे बघा, शब्द गेला की राहिला, तेच ऑरिनला कळेना.

“घरात कोण शिरलं असेल?” तो मला विचारू लागला.

“चोर येऊन गोळ्या झाडून बंदूक जागेवर ठेवून गेला? फार सज्जन चोर रे तुझ्याकडचा.”

आम्ही पेटी उचलून त्याच्या घरी गेलो. क्लाइड भिंगासकट मागोमाग. ऑरिननं ताडून बघायला कपाटातून आपली झिजलेली बंदूक काढली. मूठ घासलेली, नळीवरची झळाळी उडालेली. क्लाइडनं चाक बाजूला काढलं आणि शीळ घातली. चाक जवळजवळ कोरं! कडेला नुसती ताजी काजळी.

ऑरिन खुर्चीत बसला. मग हळूहळू आठवलं. वसंतात त्यानं दोन्ही बंदुका तेल द्यायला स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलल्या होत्या. दोन्ही चाकं एकाच फडक्यावर. कॉफी उतू गेली, हा धावला, आणि परत येऊन यानं आपलं चाक सेल्मरच्या बंदुकीत बसवलं, सेल्मरचं आपल्या बंदुकीत. दोन्ही गुपचूप बसली. एकाच साच्यातली भावंडं ती. आणि पुढच्या रविवारी हा आपली बंदूक नकळत सेल्मरच्या चाकासकट खाणीत घेऊन गेला.

“परत अदलाबदल कर,” क्लाइड म्हणाला. “काजळी मी काढून देतो. कुणाला कळणार नाही.”

“मला कळलंय ना!”

“अरे, कारखान्यातही चाचणीला झाडतातच. खरी न झाडलेली जगात नाहीच.”

“मग तू इतकी वर्षं जमवतोस काय?” मी विचारलं. क्लाइड भिंगच पुसत बसला.

आम्ही तिघं त्या टेबलाभोवती डोकं धरून. सेल्मरचं चाक परत घातलं तर त्याच्या बंदुकीत खाणीत झाडलेलं चाक. नाही घातलं तर त्याच्या बंदुकीत ऑरिनचं चाक. नळी कोरी, चाक काळं. यातली बंदूक कुठली? मला तर शाळेतली अपूर्णांकांची गणितं आठवून घाम फुटला.

तेवढ्यात दारात लव्हॉन. हातात हकलबेरीच्या रानफळांचा भाजलेला पाई. टेबलावर दोन खोललेल्या बंदुका आणि भोवती आमची तोंडं.

“काय केलंत?” तिनं पाईची थाळी चुलीवर ठेवली.

ऑरिननं सगळं सांगितलं. फडकं, कॉफी, खाण, काही गाळलं नाही. क्लाइड मध्येच तोंड घालायला गेला, तर तिनं बोट दाखवून त्याला गप्प केलं.

“मला चाकं-बिकं कळत नाहीत,” ती म्हणाली. “सरळ सांग, ऑरिन. सेल्मरची बंदूक झाडली गेली की नाही? हो, की नाही?”

ऑरिननं एकदा या बंदुकीकडं, एकदा त्या बंदुकीकडं बघितलं. मग त्यानं स्वतःचीही तिच्याकडं सरकवली आणि म्हणाला:

“मला नाही सांगता येत, लव्हॉन. त्याच्या नळीतून काही गेलं नाही, त्याच्या चाकातून गेलं, आणि हात माझा होता. आता यातली कुठली त्याची आणि कुठली माझी, तेही मला धड सांगता येत नाही, म्हणून दोन्ही घेऊन जा. पण एक आहे, त्या रविवारी खाणीत पहिल्याच गोळीला मला दादाची उगाच आठवण झाली होती, आणि मी म्हटलं, वय झालं आपलं.”