वीतभर पाईप

"तुमच्याकडे किश्श्यांचा खजिना असेल!" लोक म्हणतात. खजिना कसला? माणिकपूरला जुन्या मोटरसायकलींचं गॅरेज चालवलं की टाकीच्या तळाला गाळ बसतो तसे किस्से आपोआप साठतात. माझे निम्मे तर टाकीतून कार्बोरेटरकडे पेट्रोल नेणाऱ्या वीतभर रबरी पाईपचे आहेत. जुना पाईप चिरतो, पेट्रोल तापल्या इंजिनवर ठिबकतं, गाडी पेटू शकते. हे सांगून सांगून जीभ झिजली माझी.

*

निर्मळच्या नानांची केळीची वाडी. त्यांनी घरीच पाईप बदलला आणि दोन दिवसांनी गाडी ढकलत आणली. बघतो तर ठिबक सिंचनाची नळी! पेट्रोलने कडक होऊन तडकलेली.

"नाना, ही केळीची नळी आहे!"

"मग? केळीने कधी तक्रार केली नाही!"

मी चहा सांगितला.

*

पाचूबंदरचा पास्कू बोटीच्या इंजिनाचा पाईप घेऊन आला. इतका जाड, की त्यावर टाकी बसेचना.

"भर दर्यात फुटला नाय, रस्त्यावर काय होनार?"

लागतच नाही तो फुटणार कुठून! तरी वाद घालत राहिला. मी वाकलेलाच. कंबर अजून दुखते.

*

विरारचा एक आयटीवाला. "दादा, ट्रान्सपरंट पाईप लावा ना. आतून पेट्रोल वाहताना रील मस्त येते!"

लावला. दुसऱ्या दिवशी फोन. "दादा, गाडी बंद पडली."

"पाईपात पेट्रोल दिसतंय?"

"नाही."

"मग टाकीत भर की, बाबा!"

*

राजोडीचे रॉबर्ट अंकल मात्र पाईपला हातच लावू देत नसत. "माझ्या बापाने स्वतः लावलाय. ओरिजिनल!" चीर पडली की तिच्यावर अंगाचा साबण चोळायचे. गाडी उभी केली की चंदन दरवळायचं आणि खाली पेट्रोल सांडलेलं असायचं. मी सांगणं सोडून दिलं होतं.

मग त्यांच्या मुलीचं, सँड्राचं लग्न ठरलं.

"बापाने माझ्या बहिणीला याच गाडीवर चर्चला नेलं. सँड्रालाही मी असंच नेणार!"

मागे लांब झालरीचा गाऊन आणि खाली ठिबकतं पेट्रोल. मला खरंच भीती वाटली. अंकलच्या बायकोला, आंटीलाही वाटली असणार. रविवारी अंकल चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेल्यावर तिने मला बोलावलं. "नवा पाईप लाव. पण त्यांना कळता कामा नये. फार लागेल मनाला."

लावला. राख आणि काळं ऑइल चोळून म्हातारा केला.

लग्नाच्या दिवशी बापलेक गाडीवरून चर्चला सुखरूप पोचले. मिस्सा झाल्यावर अंकल पाहुण्यांना गाडी दाखवत होते. "बघा, माझ्या बापाचा पाईप! एक थेंब गळत नाही!" आंटी भलतीकडेच बघत होती. मी माझे बूट बघत होतो.

पाहुणे पांगले तसं अंकलनी मला गाडीजवळ बोलावलं.

"बाप डावखुरा होता," ते हळूच म्हणाले. "पाईपच्या क्लिपचा स्क्रू आतल्या बाजूला ठेवायचा. तू बाहेर ठेवलास."

अंकलनी रुमालाने टाकी पुसली आणि पायऱ्यांवर उभ्या असलेल्या आंटीकडे बघितलं.

"हिला सांगू नकोस."